तोंडी परीक्षा

"आणि 'का' नाही विचारत?"

"नाही."

"एकदाही?"

"आई, 'काय', 'कोण' आणि 'किती', एवढंच. उत्तर द्यायचं आणि गप्प बसायचं. मग अधिकारी पुढचा प्रश्न विचारतो."

सासूबाईंनी हातातलं कार्ड टेबलावर उपडं ठेवलं. कॉपी करताना पकडलेल्या पोराची चिठ्ठी त्या अशीच ठेवत असणार. कराडच्या एका मराठी शाळेत त्यांनी बत्तीस वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या शेपटीला बांधलेला विषय. पोर्शन उरकत नसला की पहिली कुऱ्हाड त्याच्यावर. आईंचं तसं नव्हतं. ग्रामपंचायतीचा धडा आला की त्या वर्ग उचलून ग्रामपंचायतीत न्यायच्या आणि ग्रामसेवकाला मुलांसमोर दप्तर उघडायला लावायच्या. त्या बाई आता सदुसष्टाव्या वर्षी न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये, आमच्या डायनिंग टेबलाशी, त्याच विषयाच्या विद्यार्थिनी होऊन बसल्या होत्या, आणि शिकवणी घेणारी मी. त्यांची सून, इंजिनिअर. नागरिकशास्त्राचा धडा परीक्षेच्या आदल्या रात्री गाईडमधून वाचणाऱ्यांपैकी.

आमचं भांडण काय होतं ते सांगायला हवं, कारण लोकांना वाटतं ते वेगळंच होतं. देश सोडायचा की नाही, अशा डोळ्यांत पाणी आणणाऱ्या गोष्टीवर आम्ही भांडत नव्हतो. मी म्हणत होते, ही अमेरिकन नागरिकत्वाची परीक्षा म्हणजे टोलनाका आहे; सुटे पैसे हातात ठेवायचे, द्यायचे आणि पुढे जायचं. त्या म्हणत होत्या, व्हायचं असेल तर नीट होईन, नाहीतर आहे ते ग्रीनकार्ड काय वाईट आहे?

ग्रीनकार्ड वाईट नव्हतं, पण त्याला दोरी होती. सासरे गेल्यावर आई आमच्याकडे आल्या आणि २०१९ मध्ये त्यांचं कार्ड झालं. मन मात्र वर्षातले निम्मे दिवस कराडला. घर तिथं, दोन एकर रान तिथं, कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम तिथं. कार्डवाल्यानं सहा महिन्यांच्या वर बाहेर काढले की विमानतळावर प्रश्न सुरू होतात, आणि परवानगी न काढता वर्षाच्या वर राहिलं तर कार्डच धोक्यात येतं. त्यामुळे दर खेपेला आंब्याच्या दिवसांत परत यायचं, नाहीतर गणपतीआधी. नागरिक झालं की ही दोरी सुटते. दोन वर्षं राहा नाहीतर पाच, कुणी विचारत नाही.

"म्हणजे कराडला मनासारखं राहता यावं म्हणून मी अमेरिकन व्हायचं," आई म्हणाल्या.

"हो."

"हे त्या अधिकाऱ्याला सांगायचं का?"

"नाही!"

"मग बघ. पहिलंच उत्तर लपवायचं."

यावर मला तेव्हा काही सुचलं नाही.

नियम मी त्यांना वहीवर आकृती काढून समजावले. वय ५० आणि ग्रीनकार्डाला २० वर्षं झालेली, किंवा ५५ आणि १५ वर्षं, तर इंग्रजीची परीक्षा माफ. नागरिकशास्त्र आपल्या भाषेत, दुभाषा घेऊन देता येतं. पासष्टी ओलांडलेल्याला, पण कार्डाला २० वर्षं झालेली हवीत, प्रश्नांची यादीही लहान मिळते. आईंकडे वय भरपूर होतं, वर्षं नव्हती. म्हणजे सगळं इंग्रजीत. तीन वाक्यांतलं एक वाचून दाखवायचं, तीनातलं एक ऐकून लिहायचं, अर्जातल्या उत्तरांवर बोलायचं, आणि मग ही तोंडी परीक्षा.

परीक्षाही दोन होत्या. जुनीत शंभर प्रश्नांची छापील यादी, विचारायचे दहा, सहा बरोबर आले की सुटका. नवीत यादी १२८ ची, विचारायचे वीसपर्यंत, बरोबर हवेत बारा. २० ऑक्टोबर २०२५ पासून जो अर्ज करेल त्याला नवी. कालनिर्णयात पाहिलं तर त्या दिवशी नरकचतुर्दशी. मी जूनपासून मागे लागले होते की अर्ज टाकून देऊ, शंभरात भागेल. आईंनी तेव्हा एकच मागणी केली होती, "ती शपथ छापून आण, आधी ती वाचते." छापून आणली. ती चार महिने देवघराच्या खणात, आरतीसंग्रहाखाली पडून राहिली. कारीट फोडून झालं, पहिली अंघोळ झाली, आणि आमच्यावर अठ्ठावीस प्रश्न वाढले.

अर्ज गेला नोव्हेंबरात. एन-४००, ऑनलाइन, ७१० डॉलर. (कागदावर भरला तर ७६०. आळशीपणाचा दंड पन्नास डॉलर, असं नवरा म्हणतो. त्याचं या प्रकरणातलं योगदान एवढंच.)

खरी गंमत परीक्षेत नसून त्या अर्जात आहे. अमेरिकेतला कुठलाही जुना जाणता सांगेल, की लोक १२८ प्रश्नांत अडखळत नाहीत, अर्जातल्या 'तुम्ही कधीही' या रांगेत अडखळतात. तुम्ही कधीही कर चुकवलात का? कधीही वंशसंहारात भाग घेतलात का? कधीही कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होतात का? मुलाखतीत अधिकारी मध्येच थांबवून या शब्दांचा अर्थही विचारू शकतो.

"आमच्या माहेरच्या घरावर लाल बावटा असायचा," आई शांतपणे म्हणाल्या.

माझा पेन थांबला. "कुणाचा?"

"शेकापचा. वडील शेतकरी कामगार पक्षाचे. आमच्याकडे सगळेच होते."

"तुम्ही सभासद होतात?"

"मी परकरात होते."

"मग नाही लिहायचं. प्रश्न तुमच्याबद्दल आहे, माळवदाबद्दल नाही."

हे त्यांनी मान्य केलं. पाच वर्षांत देशाबाहेर किती वेळा गेलात, कुठल्या तारखेला गेलात, कधी आलात, हा रकाना तर त्यांनीच भरून दिला. जुनी कालनिर्णयं त्या टाकत नाहीत. सिलेंडर लावल्याची तारीख, दुधाची बेरीज, ओटी भरायला कोण आलं, आणि मधूनच एका चौकोनात 'विमान' एवढाच शब्द. कोविडातला अडकलेला काळ, पुढचे उन्हाळे, सगळे निघाले. माझ्या फोनमधल्या तिकिटांशी ताडून पाहिलं तेव्हा चूक माझ्याकडेच सापडली, एका दिवसाची.

आणि मग आला तो प्रश्न: पोलिसांनी तुम्हाला कधीही अटक केली आहे का, किंवा ताब्यात घेतलं आहे का?

"हो," आई म्हणाल्या.

"काय हो?"

"आझाद मैदान. विनाअनुदानित शाळांचा मोर्चा होता. आम्ही रस्त्यावर बसलो, आम्हाला गाडीत घातलं. संध्याकाळी सोडलं. मधे वडापाव दिला."

"आई, ती काय अटक झाली? नाव तरी लिहून घेतलं का कुणी?"

"घेतलं की. मीच सांगितलं, शाळेच्या नावासकट."

मी अर्धा तास वाद घातला. कुठे नोंद सापडणार आहे, तीस-पस्तीस वर्षं झाली, उगाच त्यांच्या हातात काठी कशाला द्यायची. आईंचं म्हणणं एकच, "'कधीही' म्हणजे कधीही. तूच मघाशी अर्थ सांगितलास." शेवटी वकिलाला विचारलं. तो म्हणाला, लिहा. लपवलेलं छोटं प्रकरण हे सांगितलेल्या मोठ्या प्रकरणापेक्षा जास्त महागात पडतं. आईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जिंकल्यावर न बघण्याची त्यांची जुनी सवय आहे.

*

मग डिसेंबरपासून कार्डं सुरू झाली. १२८ कार्डं, समोर इंग्रजीत प्रश्न, मागे उत्तर, आणि खाली आईंच्या वळणदार अक्षरात देवनागरीत उच्चार. 'पब्लियस.' 'सुझन बी. अँथनी.' जानेवारीत राज्याचे गव्हर्नर बदलले, तेव्हा एका कार्डावर फिल मर्फी खोडून मिकी शेरिल आले. ती खाडाखोड पाहून मला बरं वाटलं. बाकी यादी दगडात कोरल्यासारखी; एवढ्या एका जागी देश हलताना दिसला.

सुझन अँथनीवर आम्ही एक संध्याकाळ घालवली. यादीला नुसतं तिचं नाव पुरतं, एकोणिसाव्या शतकातल्या बायकांच्या हक्कांच्या चळवळीतली एक नेता म्हणून. आईंनी नातीकडून लायब्ररीचं पुस्तक मागवलं. १८७२ मध्ये ही बाई सरळ जाऊन मतदान करून आली, म्हणून तिला अटक झाली, शंभर डॉलर दंड झाला आणि तो तिनं शेवटपर्यंत भरला नाही. बायकांना देशभर मताधिकार देणारी एकोणिसावी दुरुस्ती झाली १९२० मध्ये. अँथनी गेली १९०६ मध्ये.

"म्हणजे हिलाही 'कधीही अटक' मध्ये हो लिहावं लागलं असतं," आई म्हणाल्या.

आता त्या रात्रीकडे येते. त्या रात्री मी पहिल्यांदा मनापासून भांडले. कार्ड होतं यादवी युद्धाचं, आईंच्या जुन्या, शंभराच्या गठ्ठ्यातलं. तोही त्यांनी ठेवून दिला होता. प्रश्न असा, की या युद्धाला कारण झालेली एक समस्या सांगा. मान्य उत्तरं तीन: गुलामगिरी, आर्थिक कारणं, राज्यांचे हक्क. तिन्हींतलं कुठलंही एक.

"तिन्हींना सारखेच मार्क?"

"मार्क नाहीत. बरोबर किंवा चूक."

"एक जण म्हणाला गुलामगिरी, दुसरा म्हणाला राज्यांचे हक्क. दोघांच्या डोक्यात दोन वेगळे देश आहेत. आणि परीक्षकाला दोघंही चालतात? राज्यांना हक्क कशाचा हवा होता, हे विचारायचंच नाही? अगं, ही परीक्षा नव्हे, ही हजेरी झाली."

"हजेरीच असू दे."

"का?"

"कारण 'का' विचारणारी परीक्षा या देशानं घेऊन पाहिलीय."

हे मला ठाऊक होतं ते लेकीच्या शाळेच्या प्रोजेक्टमुळे. माझी विद्वत्ता नव्हे. मिसिसिपीनं १८९० मध्ये आपल्या राज्यघटनेत एक कलम घातलं. मतदार व्हायचं तर घटनेतला उतारा वाचता आला पाहिजे, नाहीतर वाचून दाखवल्यावर समजला पाहिजे, त्याचा अर्थ सांगता आला पाहिजे. ऐकायला किती छान! आईंनीच काढलेला पेपर वाटावा. पण अर्थ बरोबर की चूक हे ठरवायचं नोंदणीच्या टेबलामागे बसलेल्या कारकुनानं, आणि कारकून गोरा. गोऱ्या माणसाला एका ओळीचं कलम मिळायचं आणि काळ्या माणसाला करआकारणीचं. शिकलेल्या, शाळेत शिकवणाऱ्या काळ्या माणसांनाही तिथं नापास करून परत पाठवलेलं आहे. दक्षिणेतल्या इतर राज्यांतही अशाच चाळण्या होत्या. १९६५ चा मतदान हक्क कायदा आला तेव्हा कुठं त्या मोडल्या.

"'का' विचारलं की उत्तर तपासणाऱ्याच्या मर्जीत जातं, आई. तुमच्यासारखी परीक्षक मिळाली तर ठीक. नाही मिळाली तर? शेजारच्या काकी चौथी शिकल्यात. मोटेलात चादरी बदलण्यात त्यांची वीस वर्षं गेली. त्यांना 'राज्यांचे हक्क' याचा अर्थ सांगता येणार नाही. पण १२८ उत्तरं त्या पाठ करू शकतात, भजनासारखी. छापील उत्तर आलं की त्यांना कुणाचा बाप नापास करू शकत नाही. तुम्हाला पाठांतराचा राग येतो, कारण तुम्हाला पाठांतराची गरज कधी पडली नाही."

शेवटचं वाक्य जरा जास्त झालं. आईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. बराच वेळ पुसला.

"आमच्या वर्गात एक मुलगा होता," त्या म्हणाल्या. "पाथरवटाचा. सगळं पाठ. अर्थ विचारला की मान खाली. मी त्याचे दोन मार्क कापायची, दर वेळी." मग काही वेळानं, "दोन मार्कांनी त्याचा नंबर गेला होता एकदा."

मी चहा टाकला. त्या रात्री पुढचं कार्ड कुणी उचललं नाही.

*

पण हार मानतील त्या सासूबाई कसल्या! दोन दिवसांनी नव्या यादीतलं एक कार्ड घेऊन त्या स्वयंपाकघरात आल्या. जुन्या परीक्षेत विचारायचे, की राज्यघटनेचे पहिले तीन शब्द कोणते. उत्तर, 'आम्ही, लोक'. नव्या परीक्षेत ते तीन शब्द प्रश्नातच दिलेत आणि विचारलंय, त्यांचा अर्थ काय?

"आता? आला की नाही अर्थ?"

"मागे बघा. अर्थाचीही उत्तरं छापलेली आहेत. स्वशासन म्हणा, लोकांचं सार्वभौमत्व म्हणा, शासितांची संमती म्हणा."

"हो. पण पाठ करता करता एखादा थांबेल की नाही? आपलीही घटना 'आम्ही' पासूनच सुरू होते. मी हा शब्द बत्तीस वर्षं फळ्यावर लिहिलाय. 'आम्ही' या शब्दावर मुलं नेहमी विचारायची, बाई, आम्ही म्हणजे कोण?"

"मग काय सांगायचात?"

"सांगायची, तू पण."

हा प्रश्न त्या यादीलाही कधी नीट सुटलेला नाही. सेनेटर कुणाचं प्रतिनिधित्व करतो? २००८ च्या यादीत उत्तर होतं, राज्यातल्या सर्व लोकांचं. २०२० मध्ये परीक्षा बदलली तेव्हा उत्तर झालं, राज्यातल्या नागरिकांचं. केवढा गदारोळ झाला त्यावरून! ती परीक्षा काही महिन्यांतच मागे घेतली गेली, आणि २०२५ ची नवी परीक्षा पुन्हा तिच्याच पायावर उभी केली गेली. म्हणजे ग्रीनकार्डावर राहणाऱ्या, कर भरणाऱ्या आईंचा न्यू जर्सीत सेनेटर आहे की नाही, हे त्या त्या वर्षीच्या उत्तरपत्रिकेवर.

"बघ, छापील उत्तरालाही मर्जी असतेच," आई म्हणाल्या. "फक्त ती टेबलामागे बसलेली नसते, वर बसलेली असते."

हा मुद्दा मी त्यांना दिला. आजही तो त्यांच्याच खात्यावर आहे.

यादीबाहेरचं वाचायची त्यांना चटक लागली. एका रात्री जेवताना भगतसिंग थिंड निघाला. १९१३ मध्ये अमेरिकेत आलेला, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात भरती झालेला शीख. नागरिकत्व फक्त 'गोऱ्यां'ना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांना मिळायचं, म्हणून यानं कोर्टात सांगितलं की उत्तर भारतीय वंशानं गोऱ्यांतच मोडतात. (या युक्तिवादात उच्च जातीचा अभिमानही होता. आईंनी तेही सांगितलं, आवंढा न गिळता.) १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, नाही. मग ज्या हिंदी लोकांना आधी नागरिकत्व मिळालं होतं, त्यांच्यातल्या अनेकांचंही काढून घ्यायला सुरुवात झाली. त्यातले वैष्णो दास बगाई, सॅन फ्रान्सिस्कोचे दुकानदार. ब्रिटिश प्रजा असणं सोडलेलं, अमेरिकन असणं काढून घेतलेलं. त्यांनी १९२८ मध्ये आत्महत्या केली. हिंदी माणसाला इथं नागरिक होण्याची मुभा मिळाली ती १९४६ च्या कायद्यानं, आणि नव्यानं येणाऱ्यांचा वर्षाचा कोटा होता शंभर माणसांचा.

"हे परीक्षेत येणार नाही," मी म्हटलं.

"माहीत आहे. म्हणून तर वाचते."

"पण यातून तुम्हाला काय घ्यायचंय? सही करू नये, असं?"

"नाही गं. दार उघडं दिसतंय म्हणून ते आधीपासून उघडंच होतं असं समजू नये, एवढंच."

मला मात्र बगाईंच्या गोष्टीतून उलटंच दिसत होतं. कागदाला जीव असतो. म्हणूनच कागद घट्ट करून ठेवावा, भाव नंतर बघू. आजकाल ग्रीनकार्डवाले विमानतळावर कसे उभे राहतात ते मी पाहिलेलं आहे.

*

राहिली शपथ. ती आरतीसंग्रहाखालून निघाली तेव्हा तिच्यावर पेन्सिलीनं खुणा होत्या. परक्या राजाशी, राज्याशी असलेली निष्ठा सोडते. कायद्यानं सांगितलं तर शस्त्र उचलेन. ("सदुसष्टाव्या वर्षी?" "आई, सगळ्यांना तीच शपथ असते.") आणि शेवटी, हे मी मोकळेपणानं, मनात काही मागे न ठेवता म्हणते आहे. या शेवटच्या खुणेखाली पेन्सिलीची रेघ दोनदा ओढलेली.

"भारताचा कायदा तर अर्जसुद्धा मागत नाही," मी म्हटलं. "१९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं नववं कलम. दुसरं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की पहिलं आपोआप संपतं. तुम्ही काही सोडत नाही, ते सुटतं. मग पासपोर्ट जमा करायचा, भारतवंशीयांचं ओसीआय कार्ड काढायचं. येणं-जाणं, राहणं सगळं तसंच. रान आहे ते राहील, नवं विकत घेता येणार नाही."

"आणि मतदान?"

"ते नाही."

आई निवडणुकीच्या ड्युटीबद्दल बोलू लागल्या की थांबत नाहीत, आणि खरं सांगायचं तर थांबवू नये. आदल्या रात्री शाळेच्या बाकांवर झोपायचं, यंत्र उशाशी. पहाटे पाचला उठून मॉक पोल, एजंटांसमोर. मग सील. संध्याकाळी सतरा-सी या फॉर्मवरची मतांची बेरीज जुळेपर्यंत पाणी नाही. एकदा एक म्हातारी आली तर तिच्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलेलं. बाकीचे म्हणाले, जाऊ दे बाई, पाठवा परत. आईंनी नियम काढला, टेंडर व्होटची मतपत्रिका काढली, पाकीट काढलं, आणि म्हातारीचं मत घेऊनच तिला घरी पाठवलं. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला आई मुद्दाम कराडला होत्या, परदेशस्थ मतदार म्हणून, पासपोर्ट दाखवून. त्यांच्या नखावरची शाई संक्रांतीपर्यंत आमच्याकडे होती. तिळगूळ वाटताना मला ती दिसली होती.

"इथे मतदान करा की," मी म्हटलं. "शिवाय ज्युरीत बसायला बोलावतील. ते फक्त नागरिकांनाच."

"इथे शाई लावत नाहीत म्हणे."

"सही जुळवतात."

"नुसती सही?" त्यांच्यातल्या केंद्राध्यक्ष ताठ बसल्या. "आणि पोलिंग एजंट कुठे बसतात?"

मग त्यांनी मला अनपेक्षित विचारलं, "तू शपथ घेतलीस तेव्हा काय वाटलं?"

मी २०१६ मध्ये घेतली. मोठा हॉल, हातात कागदी झेंडा. लेक पाळणाघरात होती, आणि साडेअकराला घ्यायला नाही गेलं तर जादा पैसे लागायचे. शपथेच्या वेळी मी घड्याळ पाहत होते, हे मी आईंना सांगितलं. मग नको असताना हेही सांगितलं, की जुना पासपोर्ट 'रद्द'चा शिक्का मारून टपालानं परत आला, त्या दिवशी मी गाडीत बसून राहिले होते, गॅरेजमध्ये, बराच वेळ. तो अजून आहे, सोन्याच्या पावत्यांच्या पिशवीत.

"म्हणजे तू शपथ घेतलीस एका दिवशी आणि ती लागली दुसऱ्या दिवशी," आई म्हणाल्या.

"मनात काय होतं हे कुणी विचारलं नाही, आई. कुणी विचारूही शकत नाही."

"तीच तर अडचण आहे. विचारलं असतं तर सोपं होतं."

*

मुलाखत नेवार्कला झाली. मला आत सोडलं नाही. मी बाहेर बसून फोनमध्ये उगाचच १२८ ची यादी चाळत होते. पंचवीस मिनिटांत आई बाहेर आल्या, त्या रागावूनच.

"बाराच विचारले!"

"बाराही बरोबर?"

"मग? बारावं झालं आणि ती बाई म्हणाली, झालं. मी म्हटलं, तुम्ही वीस विचारता ना? म्हणाली, बारा बरोबर आले की थांबतो आम्ही. 'आम्ही, लोक' विचारलंच नाही. दुरुस्त्या किती ते विचारलं, गव्हर्नर विचारला."

"आई, तुम्ही पास झालात."

"हो, ते झालेच."

पार्किंगच्या चौथ्या मजल्यावर गाडी लागलेली होती. लिफ्टची वाट बघताना त्या पुन्हा बोलल्या. अर्जातले 'कधीही' सुरू झाले तेव्हा अधिकारी बाईनं अटकेच्या 'हो'वर बोट ठेवलं. आईंनी सांगितलं, शिक्षकांचा मोर्चा, मुंबई, संध्याकाळी सोडलं.

"आणि मग तिनं पेन खाली ठेवलं आणि विचारलं, का? कशासाठी मोर्चा? मी म्हटलं, पगारासाठी. शाळेला अनुदान नव्हतं. ती म्हणाली, मग मिळाला का पगार?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, नऊ वर्षांनी."

शपथविधीचं पत्र तीन आठवड्यांनी आलं. त्याच्या मागच्या बाजूला पुन्हा प्रश्न आहेत, मुलाखतीनंतर कुठे प्रवास केलात का, कुठे अटक झाली का. आईंनी ते अजून भरलेलं नाही. शपथेच्या सकाळीच भरायचं असतं, असं त्यांनी नियम वाचून मला सांगितलं. पत्र कालनिर्णयाच्या खिळ्याला अडकवलंय. त्या तारखेला संकष्टी आहे. चौकोनात चंद्रोदयाची छापील वेळ पेनानं खोडून शेजारी एडिसनची वेळ लिहिलीय, आणि त्याखाली बारीक अक्षरात: साबुदाणा रात्रीच भिजवणे. शपथ ८.३०.